शिओमींचा करडा

बसमध्ये समोर उभ्या असलेल्या बाईच्या किमोनोकडे पाहून तेइजो शिओमींच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की हा रंग ज्यानं केला त्याला कुणीतरी वेळीच सांगायला हवं होतं. मनात आलं ते इतक्या सहज, की आपण कुणाबद्दल वाईट विचार केला असंही त्यांना वाटलं नाही. डोळ्यांच्या दवाखान्यातून ते परतत होते. उजव्या डोळ्यावरची पट्टी सकाळी निघाली होती आणि त्या डोळ्यानं जग असं काही अंगावर येत होतं, की सीटच्या पाठीवरची शिवणसुद्धा त्यांना मोठ्यानं बोलल्यासारखी वाटत होती. बस पुलाच्या तोंडाशी सिग्नलला थांबली होती. बाई पन्नाशीची, कुणाच्या तरी लग्नाला निघालेली. एका हातात वरची दांडी, दुसऱ्या हातात रुमालात बांधलेला खोका. तिच्या किमोनोचा करडा थंड होता. थंड आणि जांभळट, चार दिवसांपूर्वी मार लागलेल्या जागेचा असतो तसा. करड्यात निळा जास्त झाला की असं होतं. नवशिक्यांचं होतं. नवशिक्याला करडा मळकट वाटतो, मळकटपणा ही करड्याची ऊब आहे हे त्याला कळत नाही, म्हणून तो तो मळ काढायला निळा घालत जातो आणि शेवटी हाती असलं काहीतरी उरतं. गुडघ्याखाली चित्र होतं फाटक्या कमळपानांचं. हिवाळ्यातल्या तळ्यातली, देठ मोडून पाण्यावर पडलेली पानं. हात मात्र चांगला आहे, त्यांनी मनात म्हटलं. रेषेला घाई नाही. एका पानाची कड फाटत गेली होती आणि शेवटच्या चिरेच्या तोंडाशी एक बारीकसं भोक ठेवलेलं होतं, गोगलगाईनं खाल्ल्यासारखं. ते भोक त्यांनी पाहिलं, आणि बस सुरू झाली. ते भोक त्यांचं होतं. तसं भोक दुसरं कुणी ठेवत नव्हतं.

त्यांनी उजवा डोळा मिटला. डाव्या डोळ्याला, ज्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं त्याला, किमोनो लगेच नीट दिसू लागला: शेगडीतल्या विझलेल्या राखेसारखा, मऊ, थोडा उबदार, ते कमळाच्या तळ्याला नेहमी देत तो करडा. डावा मिटला, उजवा उघडला. जांभळं. पुन्हा उजवा मिटला. राख. असं ते किती वेळ करत होते कोण जाणे; बाईनं खोका पोटाशी धरला आणि ती किंचित वळली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण एका अनोळखी बाईला भर बसमध्ये डोळे मारतो आहोत.

"आजोबा, डोळ्यात काही गेलं का?" ती म्हणाली.

"गेलं नाही. काढलं," ते म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले. मग आता काहीतरी बोललंच पाहिजे असं वाटून म्हणाले, "किमोनो छान आहे."

"सासूबाईंचा हट्ट हो. म्हणाल्या, शिओमींचा करडा घ्यायचा तर आत्ताच घे, म्हातारा आता किती दिवसांचा." ती हसली. "मला आपला थोडा गार वाटतो हा रंग. पण आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

ते दोन थांबे आधीच उतरले.

नदीच्या काठानं चालत घरी जायला त्यांना एरवी आवडायचं. आज प्रत्येक दगडाला कड होती. पाणी स्वच्छ होतं, आणि ते स्वच्छ दिसलं तेव्हा त्यांना वाटलं, याला काही अर्थ नाही. त्यांच्या लहानपणी याच पाण्यात कापडं धुतली जायची. वडील थंडीत मांड्यांपर्यंत पाण्यात उभे राहायचे, आणि लांब रेशमी ताग्यातून सुटलेला लाल, हिरवा, निळा खालच्या अंगाला वाहत जायचा. मग नदीत धुणं बंद झालं, ते बरोबरच झालं. डॉक्टर तरुण होता आणि आज खुशीत होता. आत बसलेलं भिंग पिवळं पडलं होतं, तो म्हणाला, चहाच्या पेल्याला आतून राप चढतो ना, तसं. किती वर्षं झाली असतील? पंधरा तरी. रोज थोडं थोडं चढतं, म्हणून माणसाला कळत नाही. आता सुरुवातीला सगळं निळसर दिसेल, घाबरू नका, मग डोकं जुळवून घेतं. "कशाशी जुळवून घेतं?" शिओमींनी विचारलं होतं. "जे असेल त्याच्याशी," डॉक्टर म्हणाला होता आणि पुढच्या पेशंटला हाक मारली होती. त्या वेळी शिओमींना ते उत्तर साधं वाटलं होतं. आता काठावरून चालताना ते गिळलेल्या फळाच्या बीसारखं छातीत कुठेतरी अडकून बसलं. पंधरा वर्षं. त्या आधीचं काम कोणतं आणि नंतरचं कोणतं? ज्याला लोक त्यांचं पिकलेलं काम म्हणत, ज्याच्याबद्दल एका पुस्तकात म्हाताऱ्या वयातली निर्मळ थंडी असं काहीसं छापून आलं होतं, आणि जे वाचून ते लाजून पुस्तक उलटं ठेवून उठले होते, ते सगळं नंतरचं होतं. त्यांना थंडी कधीच द्यायची नव्हती. ते राख देत होते.

दारात बायकोनं, तोमेनं, त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला. "काय, दिसतंय का? मग आता नीट बघून घ्या. इतके दिवस तुम्हाला वाटत होतं तुमची बायको साठीची आहे."

"तुझ्या गालावर डाग आहे."

"तो लग्नात होता. अहो, एवढाच आनंद झाला का? डोळा नवा झाला, आता बायको नवी आणा." ती त्यांच्या मोज्यांकडे पाहून म्हणाली, "आणि हे मोजे पांढरे आहेत म्हणून रोज घालून जाता ते कुठल्या रंगाचे आहेत तेही बघा. मी बोलले तर म्हणता, तुला रंगातलं काय कळतं." मग आत वळता वळता विचारलं, "दुसरा डोळा कधी?"

"राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"एवढी घाई काय आहे?"

"अर्धवट ठेवायची सवयच आहे," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "किमोनो तेवढे पुरे करता."

मागच्या लांबट खोलीत फुसाए कामावर होती. कापड दोन खांबांच्या मध्ये ताणलेलं, खाली बांबूच्या काड्या धनुष्यासारख्या वाकवून लावलेल्या, आणि तिच्या गुडघ्याशी रंगांच्या वाट्या. ती तांगोच्या किनाऱ्यावरच्या एका गावातून आली तेव्हा तिशीची होती. आता तिच्या कपाळावरचे केस पांढरे होते, हेही त्यांना आजच दिसलं. त्यांची ती एकच शिष्या टिकलेली. बाकीचे आले आणि गेले, कुणी लग्न करून, कुणी ट्रक चालवायला. तिच्यासमोर होतं ते तिचं स्वतःचं काम, तिच्या नावानं प्रदर्शनात जायचं पहिलं: कापणी झालेलं शेत, बर्फातून वर आलेली भाताची खुंटं, ओळीनं, वाकडी, आणि मागे सगळं आभाळ. रेषा तांदळाच्या खळीनं काढलेल्या होत्या, मधल्या जागा भरत आणल्या होत्या. आभाळ करडं होतं. बर्फातल्या सावल्या करड्या होत्या. सगळं जांभळट, सगळं मार लागलेलं.

"गुरुजी! कसा आहे डोळा?"

"दिसतं."

"मेले. आता माझ्या चुका दिसणार." ती हसली, आणि त्यांनी काही बोलावं म्हणून थोडी थांबली. ते कापडाकडे पाहत उभे राहिले. परवा ओत्सुकी येणार होता. हे कापड तो वाफेच्या भट्टीवर न्यायचा होता. वाफेला जाईपर्यंत रंग रेशमावर नुसता बसलेला असतो, बादलीभर पाण्यानं तो आणि खळ दोन्ही निघून जातात, आणि कापड जवळजवळ होतं तसं उरतं. एकदा वाफ लागली की रंग धाग्यात शिरतो आणि मग तो कापडाच्या आधी मरत नाही. हे त्या खोलीत दोघांनाही माहीत होतं, आणि त्याचा विचार आज एकटे तेच करत होते. "खुंटं चांगली आलीत," ते म्हणाले. ते खरं होतं. तिनं मान लववली आणि तिचे कान लाल झाले. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईचे कान.

ती डाळ-सोयाबीन आणायला बाजारात गेली तेव्हा त्यांनी कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातून नमुन्याच्या चिंध्यांची पेटी काढली. सगळ्यात तळाशी, तोमे अजून त्यांच्यावर जाहीरपणे चिडत नसे त्या काळातला, एक करड्या रेशमाचा तुकडा होता. त्यांनी तो फुसाएच्या आभाळाशेजारी धरला. उजव्या डोळ्यानं: तुकडा करडा, ओल्या दगडाच्या पोटासारखा, आणि आभाळ जांभळं. डाव्यानं: आभाळ राखेचं, आणि तुकडा पिवळा, धुरकट, घाण. म्हणजे झालं. आणखी काय पुरावा हवा होता? पण पुरावा हातात आल्यावर माणसाला जे वाटायला हवं ते त्यांना वाटेना. त्यांना आठवू लागला तो एकच आवाज, नळाखाली रंग ओतल्याचा. फुसाए आली त्या वर्षांत ती रोज सकाळी वाटी घेऊन त्यांच्यासमोर बसायची, तिनं केलेला करडा चिंधीवर वाळवून, दोन्ही हातांनी पुढे करून. पिवळा, ते म्हणायचे. पुन्हा. पिवळा. तुझ्या गावाकडे करडं काही नसतंच का? समुद्र बघितलायस ना? डोळे आहेत की भोकं? आणि वाटी नळाखाली. ती वाद घालायची नाही. काही दिवस ती वाटी ओतल्यावर स्वयंपाकघरात जायची आणि तोमे तिला काही कामाला लावायची, मुळा किसायला वगैरे, म्हणजे डोळ्यांतून पाणी येण्याला कारण व्हायचं. तेव्हा त्यांच्या भिंगावर राप चढू लागला होता आणि तिचे डोळे तिशीतले होते, समुद्राच्या हवेनं धुतलेले. ती बरोबर करडा आणत होती. रोज. वर्षानुवर्षं ती त्यांच्यापुढे बरोबर करडा धरत होती, आणि ते तो ओतत होते. मग एका सकाळी तिनं आणलेली चिंधी पाहून ते 'हं' म्हणाले होते. नुसतं 'हं'. ती उठून बाहेर गेली, आणि दुपारी सगळ्यांसाठी बांगड्याची सुशी घेऊन आली, मोठी, केळफुलासारखी गुंडाळलेली, तिच्या पगाराला न परवडणारी. "शेवटी दिसला," ती तोमेला सांगत होती, तोंडात घास असताना. "काकू, शेवटी दिसला मला." ती सुशी किती चांगली होती हे त्यांना अजून जिभेवर आठवत होतं, आणि ते आठवत असल्याचीच आता त्यांना शिसारी आली.

दुसरा दिवस त्यांनी घालवला. सांगायचं तर कसं, याची वाक्यं मनात रचण्यात घालवला. वाक्यं पुस्तकी व्हायची. आयुष्यभर ते लोकांशी बोलण्यापेक्षा छापलेलं वाचण्यात रमलेले होते, आणि अडचणीच्या वेळी त्यांना जी भाषा सुचायची ती कुणाच्याही तोंडची नसायची. तिसऱ्या दिवशी सकाळी, ओत्सुकी यायच्या आधी, ते फुसाएच्या शेजारी जाऊन बसले.

"तू पहिल्यांदा आलीस तेव्हा जो करडा करायचीस, तो आठवतो?"

"विसरेन कसा? नळाला पाठ झाला असेल."

"तो कर."

"आता? कशाला?"

"मला बघायचाय."

तिनं त्यांच्याकडे जरा पाहिलं, मग पदर खोचावा तसं बाह्या मागे बांधल्या आणि वाटी घेतली. काळा. लालाचं बोट. पिवळा, आणि तो घालताना ती ओशाळं हसली, जुन्या फोटोतलं आपलं तोंड दाखवताना माणूस हसतो तसं. पुन्हा थोडा पिवळा. निळ्याचं टोक. तिनं चिंधीवर ओढलं, लहान शेगडीवर धरून वाळवलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. त्यांनी डावा डोळा तळहातानं झाकला. चिंधी जांभळी होती. आभाळाहून कदाचित केसभर कमी, पण तोच, त्यांचाच, शिओमींचा करडा.

"हा तो?" ते म्हणाले.

"हाच. अगदी हाच." ती चिंधीकडे नाक मुरडून पाहत होती. "बघा ना किती पिवळा. आणि मी तो घेऊन तुमच्यापुढे बसायची. मला आता लाज वाटते."

ती खरंच पिवळा पाहत होती. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. त्यात नाटक नव्हतं, तेवढं नाटक तिला येत नव्हतं. त्यांना वाटलं होतं की तो जुना करडा तिच्यात कुठेतरी ठेवलेला असेल, तळाच्या कप्प्यात, घडी न मोडलेला. आपण नुसतं सांगायचं आणि ती तो काढेल. इथे तर कप्पाच नव्हता.

"फुसाए," ते म्हणाले, आणि रचलेली सगळी वाक्यं गेली. "तू बरोबर होतीस. मीच पिवळं बघत होतो. डोळ्यावर साकळलं होतं. तू आणायचीस तो बरोबर होता."

तिनं वाटी खाली ठेवली आणि अगदी हलक्या आवाजात, तापलेल्या मुलाशी बोलावं तसं म्हणाली, "गुरुजी, डॉक्टर म्हणालेत ना निळसर दिसेल म्हणून? माझ्या मावशीचं झालं होतं. भात निळा दिसतो म्हणून दोन दिवस जेवली नाही. मग झालं सगळं ठीक."

"मी जुना तुकडा लावून बघितला. आपल्या पेटीतला."

"रेशीम पिवळं पडतं हो. तुम्हीच शिकवलंत."

"फुसाए, मला माहीत आहे करडा कसा असतो ते."

"माहीत आहेच ना. तुम्हीच तर मला दाखवलात." तिचा आवाज जरासा कापला. "किती वर्षं लागली मला तो दिसायला. मी दोनदा पिशवी भरली होती, काकूंना विचारा. गावी परत जाऊन मासळी साफ करणार होते. आणि मग दिसला. आता तुमचा डोळा चार दिवस हलला म्हणून..." तिनं वाक्य सोडून दिलं. "ओत्सुकींना हे बोलू नका हं. लोक लगेच म्हणतील, म्हातारे झाले."

खोलीच्या कोपऱ्यात पाण्याची बादली होती, आणि बादलीवर आडवा ठेवलेला रुंद ब्रश. उठायचं, ब्रश बुडवायचा आणि आभाळावरून एकदा ओढायचा. ती ओरडेल. रडेल. पण कापड वाचेल, आणि कदाचित, अगदी कदाचित, पुन्हा सुरुवात केली तर तिचे डोळेही. ते उठलेसुद्धा. ब्रश हातात घेतला. त्याच्या केसांतून पाणी मनगटावर ओघळलं आणि बाहीत शिरलं, आणि तेवढ्या गारठ्याबरोबर त्यांना, इतकी वर्षं एकदाही न आठवलेलं, आठवलं. ते सतरा-अठराचे होते. वडील साठी ओलांडलेले. वडिलांपुढे त्यांनी चिंधी धरली होती आणि वडिलांनी काहीच न बोलता त्यांच्या बोटांवर ब्रशचा दांडा मारला होता. कितीदा. त्यांना तेव्हा वाटायचं, आणि ते वाटणं आता ओल्या मनगटातून वर चढत आलं, की वडिलांचा करडा खूप गार आहे. वाटी घेऊन ते मागच्या अंगणात जायचे आणि उजेडात धरून स्वतःला सांगायचे, हा गार नाही, हा गार नाही. मग एक दिवस तो गार वाटेनासा झाला. त्या दिवसाला ते आयुष्यभर आपल्याला डोळे आले तो दिवस म्हणत आले होते. वडील शेवटी शेवटी जिन्याच्या पायऱ्या हातानं चाचपायचे. वडिलांचे गुरू, असं घरात सांगत, म्हातारपणी उन्हात बसून काम करायचे कारण सावलीत त्यांना काही दिसेना. गावात करड्याच्या छटांना उंदीर म्हणत, शंभर उंदीर आहेत म्हणत, आणि प्रत्येक उंदराला नाव होतं. ती नावं कुणी ठेवली? म्हाताऱ्यांनी ठेवली. ज्यांच्या हाताखाली तरुण माणसं वाट्या धरून बसत, त्यांनी. मग पेटीतला तो तळाचा तुकडा, ओल्या दगडासारखा, तोही कुणाच्या तरी भिंगातूनच पाहून ठरलेला होता. कोणता करडा कुणाला परत द्यायचा होता? ब्रशमधून पाणी चटईवर ठिबकत राहिलं. फुसाए त्यांच्याकडे पाहत होती, घाबरून नव्हे, काळजीनं, आणि तिच्या मागे ते शेत होतं, खुंटांचं, त्या आभाळाखाली, ज्याच्याबद्दल आता तेही काही सांगू शकत नव्हते. त्यांनी ब्रश बादलीवर परत ठेवला. तो नीट आडवा ठेवायला त्यांना वेळ लागला.

दारात स्कूटर थांबली. ओत्सुकी आत आला तो बोलतच आला. तो कापडं एका घरातून दुसऱ्या घरात नेत असे, रेषावाल्याकडून रंगवाल्याकडे, रंगवाल्याकडून वाफेला, तिथून धुण्याला, आणि शेवटी दुकानात. त्याच्याशिवाय कुणालाच दुसऱ्याचा चेहरा माहीत नसे. "शिओमीसान, डोळा केलात म्हणे! बरं झालं टोपी घालून आलो, नाहीतर माझ्या टकलानं दिपून गेला असतात. काकू, चहा नको, दोन ठिकाणी झालाय. बरं, अर्धा चालेल." मग त्याला कापड दिसलं आणि त्यानं टोपी काढली. "वा, फुसाएसान. वा. म्हणजे शिओमी करडा घरातच राहणार. दुकानवाल्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांना काळजी होती की म्हाताऱ्याबरोबर..." तो थांबला आणि जीभ चावली.

"ओत्सुकी," शिओमी म्हणाले. फुसाएनं मान वर केली. "खरं सांग. हा तुला निळा वाटतो का?"

"निळा?" ओत्सुकीनं कापडाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग टोपीकडे. "आता विचारलंतच म्हणून सांगतो. तुम्ही पहिल्यांदा असा दिलात ना, कधीची गोष्ट, तेव्हा मला वाटला होता. मी जाऊन वाफवाल्याला शिव्या घातल्या, म्हटलं काय करून ठेवलंस रे मास्तरांच्या कापडाचं. तो म्हणाला, असाच आलाय. मग म्हटलं, शिओमीसाननी केलाय म्हणजे मनात काहीतरी असणार. आणि तो सगळ्यात आधी विकला गेला!" तो मोठ्यानं हसला. "आता बाकीच्यांचे करडे मला शेणासारखे दिसतात, तुमची शपथ."

"बघा," फुसाए म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "सुरुवातीला सगळ्यांनाच तसं वाटतं."

तिनं बांबूच्या काड्या एकेक काढल्या. काडी सुटताना कापड दर वेळी थोडं सैल पडत होतं. मग तिनं आणि ओत्सुकीनं दोन टोकांना उभं राहून ते मध्ये कागद घालत घालत गुंडाळलं. आभाळ आत गेलं, सावल्या आत गेल्या. शिओमींनी दाराची चौकट धरली होती. बोलायचं तर अजून वेळ होता. ओत्सुकी अर्धा चहा पीत होता, आणि तो संपला तरी स्कूटर सुरू व्हायला नेहमी दोन-चार लाथा लागत. "जपून ने," ते म्हणाले.

कापड वाफेतून परत आलं, धुऊन आलं, आणि प्रदर्शनात घेतलं गेलं. छोटंसं बक्षीसही मिळालं. तोमेनं आनंदाच्या दिवशी करतात तो लाल भात केला. निळसरपणा डॉक्टर म्हणाला तसा काही आठवड्यांत गेला: भात पांढरा झाला, कागद कागदासारखा झाला, तोमेच्या गालावरचा डाग तपकिरी झाला. शिओमींचा करडा तेवढा जांभळाच राहिला. दवाखान्यातून दुसऱ्या डोळ्यासाठी दोनदा फोन आला, आणि तोमेनं दोन्ही वेळा त्यांच्या वतीनं अशी काही क्षमा मागितली की पलीकडच्या मुलीला वाटावं इथे कुणी वारलं आहे. डाव्या डोळ्यातली राख हल्ली दाट होत चालली होती. काही संध्याकाळी तिच्यात पानांच्या कडाही दिसत नसत.

त्यांच्या स्वतःच्या ताणलेल्या कापडावर कमळं अर्धी भरायची राहिली होती, आणि दुकानवाले मागे लागले होते. एका सकाळी त्यांनी बसून स्वतःच करडा केला. उजव्या डोळ्यानं केला. बरोबर कोणता हे आता त्यांना माहीत नव्हतं, पण नदीकाठच्या भिंतीचा एक ओला दगड त्यांनी येताना पाहून ठेवला होता, आणि निदान त्या एका दगडाशी तरी खोटं बोलायचं नाही एवढंच त्यांनी ठरवलं होतं. काळा, लाल, पिवळा. निळ्याच्या वाटीला त्यांनी हात लावला नाही. चिंधी वाळवली. दगड आला होता. ऊब होती, मळ होता. कितीतरी दिवसांनी त्यांच्या हातांना थोडी भूक लागल्यासारखं झालं. फुसाए पलीकडे आपल्या नव्या कापडावर रेषा काढत होती. तिनं मान वर करून चिंधीकडे पाहिलं, मग वाटीकडे, आणि पुन्हा खाली घातली.

ते ब्रश भिजवायला नळाशी गेले. नळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि त्याच्या वरच्या खिडकीच्या काचेत, मागे अंगणाची काळी भिंत असल्यामुळे, सगळी खोली दिसत असे. राप चढलेल्या डोळ्यांना ती आजवर कधी दिसली नव्हती. फुसाए उठली. चटईवर तिचा आवाज झाला नाही. ती त्यांच्या जागेशी गुडघ्यांवर बसली, त्यांच्या वाटीपुढे, बारीक ब्रशचं टोक निळ्यात बुडवलं आणि वाटीत फिरवलं. अंगठ्याच्या नखावर लावून पाहिलं. आणखी एक टोक. पुन्हा नख. तिचं तोंड किंचित उघडं होतं, आजाऱ्याच्या पेजेत त्याला नको असलेलं औषध कालवताना उघडं राहतं तसं. मग तिनं वाटीची कड बोटानं स्वच्छ पुसली, वाटी होती तशी वळवून ठेवली, आणि परत जाऊन आपल्या रेषेवर वाकली. त्यांनी नळ जरा जास्त वेळ चालू ठेवला, तिला नीट बसता यावं म्हणून.

ते येऊन जागेवर बसले. वाटीत जांभळं होतं.

"रंग गार झालाय का गं?" त्यांनी विचारलं.

"मी आत्ताच शेगडीजवळ सरकवला, गुरुजी," ती मान वर न करता म्हणाली. "थंडी आहे ना."

त्यांनी ब्रश बुडवला, कडेला निथळू दिला, आणि पानाच्या फाटक्या कडेपासून आत रंग नेऊ लागले. हात नेहमीसारखा गेला. रेशमानं रंग प्यायला, खळीच्या रेषेपाशी तो थांबला, आणि शेगडीच्या उबेवर हळूहळू वाळून आपला झाला. फुसाए केव्हाची पाहत होती.

"जमला," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात सुटका होती.

"हं," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचं पान भरायला घेतलं.